भोकं आणि तुकडे : रोमन घरांच्या भिंती बघत सहा दिवस

नेपल्सला उतरलं की बहुतेक जण आधी पुरातत्त्व संग्रहालय गाठतात आणि मग पॉम्पेईला जातात. भिंतचित्रांसाठीच जायचं असेल तर हा क्रम उलटा करावा. संग्रहालयातली चित्रं चौकटीत बसवून टांगलेली आहेत, म्हणून ती सुटी चित्रं वाटतात. मुळात ती भिंतीचा भाग होती. ओल्या गिलाव्यातच रंगवलेली, खोलीचं दार, उजेड आणि वापर बघून जागा ठरवलेली. अठराव्या शतकात ती भिंतीतून कापून काढली आणि मागे चौकोनी भोकं उरली. आधी भिंती आणि भोकं बघावीत, तुकडे नंतर.

निघायचं गुरुवारी. नेपल्सचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं आणि रोमचं पालात्सो मास्सिमो हे संग्रहालय सोमवारी. गुरुवारी सुरुवात केली की पाचव्या दिवशी सोमवार येतो आणि सहाव्या दिवशी मंगळवार, दोन्ही दारं उघडी मिळतात. बाकीच्या स्थळांचे सुट्टीचे दिवस आणि वेळा बदलत असतात, त्या आठवडाभर आधी बघून घ्याव्यात. महिन्याचा पहिला रविवार मात्र टाळावा. त्या दिवशी सरकारी स्थळांना प्रवेश फुकट असतो आणि खोल्यांच्या दारात उभं राहायलाही जागा मिळत नाही.

सोबत एक छोटी दुर्बीण हवी, आठपट मोठं दाखवणारी पुरे. बऱ्याच खोल्यांना दारातच दोरी लावलेली असते आणि बघायची गोष्ट समोरच्या भिंतीवर चार-पाच मीटर लांब असते. फ्लॅश कुठेच चालत नाही.

पहिला दिवस, गुरुवार : हर्क्युलेनियम

गारिबाल्दी स्टेशनच्या जमिनीखालच्या मजल्यावरून सर्कमवेझुव्हियाना या लोकल रेल्वेची सोरेंतोकडे जाणारी गाडी मिळते. पण ती सुटते एक स्टेशन अलीकडून, पोर्ता नोलानाहून. तिथे चढलं तर बसायला मिळतं, गारिबाल्दीला चढणाऱ्याने उभं राहायची तयारी ठेवावी. वीसेक मिनिटांनी एर्कोलानो स्कावी हे हर्क्युलेनियमचं स्टेशन येतं. तिथून समुद्राच्या दिशेने सरळ उताराचा रस्ता, दहा मिनिटांत फाटक.

सुरुवात सॅमनाइट घरापासून. याच्या प्रवेशाच्या बोळात चित्र असं काही नाही. आहेत ते चुन्याच्या गिलाव्यात उठवलेले आणि रंगवलेले चौकोनी दगड. हिरवे, लाल, पिवळे, शिरा असलेले, जणू महागड्या संगमरवराची चिरेबंदी भिंत. यालाच पहिली शैली म्हणतात. आउगुस्ट माउ या जर्मन अभ्यासकाने १८८२ साली पॉम्पेईच्या भिंतींच्या चार शैली पाडल्या आणि ती विभागणी आजही चालते. पहिली साधारण इ.स.पू. ८०पर्यंत, दुसरी तिथून इ.स.पू. १५-२०पर्यंत, तिसरी इ.स. ४५च्या आसपासपर्यंत आणि चौथी इ.स. ७९च्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकापर्यंत, ज्यात ही गावं गाडली गेली. पहिलीत भिंत दगडाची असल्याचं भासवलं जातं, दुसरीत भिंत नाहीच असं भासवलं जातं, तिसरीत ती पुन्हा सपाट होते आणि चौथीत या सगळ्याची खिचडी. हे एवढं डोक्यात ठेवलं की पुढचे पाच दिवस निभतात.

या बोळात खरं बघायचं ते तुटलेल्या कडांवर. गिलावा जिथे फुटला आहे तिथे त्याचा छेद दिसतो. आतले थर राखाडी आणि भरड, कारण त्यात वाळू (व्हेसुव्हियसच्या पायथ्याला ती काळी, ज्वालामुखीची) आहे. वरचे पांढरे आणि बारीक, त्यात संगमरवराची भुकटी. व्हिट्रूव्हियस या रोमन वास्तुविशारदाने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात याची कृती दिली आहे. आधी एक खरबरीत हात, त्यावर वाळूचे तीन थर, त्यावर संगमरवराच्या भुकटीचे तीन, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा बारीक. पॉम्पेई-हर्क्युलेनियमच्या बहुतेक घरांत एवढे थर नाहीत, तीन-चारांवर भागवलेलं आहे. पैसे वाचतात, पण गिलावा पातळ असला की लवकर सुकतो, भेगा पडतात आणि घोटून चकाकी येत नाही. व्हिट्रूव्हियस याला चांदीच्या पातळ पत्र्याच्या आरशाची उपमा देतो, ज्यात प्रतिमा धुरकट दिसते.

चुन्याची परीक्षाही तो सांगतो. कळीचा चुना पाण्यात विरवून खूप दिवस मुरत ठेवायचा, मग त्यात वाकस मारून बघायचा. पात्याला खडे अडले तर चुना अजून कच्चा आहे. पातं कोरडं निघालं तर चुना निःसत्त्व आहे. डिंकासारखा चिकटून आला तर तयार. कच्चे खडे भिंतीत गेले तर ते नंतर फुलतात आणि आतून गिलावा फोडतात. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या भिंतींवर काम करणारे गवंडी हेच सांगतील.

रंग टिकतो तो याच चुन्यामुळे. ओल्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग दिला की आतलं चुन्याचं पाणी पृष्ठभागाकडे येतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतं आणि रंगाच्या कणांभोवती चुनखडीची पातळ काचेसारखी कवची धरते. वेगळा डिंक लागत नाही. उशीर झाला, कवची आधीच धरली, तर रंग नुसता वर बसतो आणि भुकटीसारखा झडतो. म्हणूनच अनेक भिंतींवर तळरंग ठणठणीत आहे आणि त्यावरचे चेहरे, दागिने, पानांच्या कडा गेल्या आहेत. ती बारीक कामं शेवटी, सुकत आलेल्या पृष्ठभागावर केलेली असत. (अजिंठ्याशी तुलना करायचा मोह होतो, पण तंत्र वेगळं आहे. तिथे मातीच्या गिलाव्यावर, सुकल्यावर, चिकट माध्यमात कालवून रंग दिले आहेत.)

पुढे मुख्य रस्त्यावर काळ्या दालनाचं घर. काळ्या भिंती उदास वाटतात, पण कारण व्यवहारी असावं. व्हिट्रूव्हियस स्पष्ट म्हणतो की हिवाळ्यात वापरायच्या जेवणाच्या खोलीत नाजूक चित्रं काढू नयेत, शेगडीचा धूर आणि दिव्यांची काजळी ती खराब करते, तिथे काळे पट्टे द्यावेत. तेलाच्या दिव्यांत या काळ्यावर हलकी पिवळी-पांढरी नक्षी कशी तरंगत असेल ते दारात उभं राहून डोळे बारीक केले की थोडंफार कळतं.

दिवसाचं शेवटचं घर कासा देल बिचेंतेनारियो. अनेक वर्षं बंद असलेलं हे घर २०१९ साली पुन्हा उघडलं. इथे दोन बिघाड एकाच ठिकाणी शिकायला मिळतात. विसाव्या शतकात उत्खननानंतर भिंती तजेलदार दिसाव्यात म्हणून मेण लावण्याची पद्धत होती. मेणाखाली ओल आणि क्षार अडकतात, बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग ते रंगाचा पापुद्रा घेऊनच बाहेर येतात. भिंतीला लोणा लागणं म्हणतो तेच, फक्त इथे त्या भिंतीवर दोन हजार वर्षांचं चित्र असतं. दुसरा बिघाड व्हेसुव्हियसचा. पिवडी तापली की तिच्यातलं पाणी उडतं आणि ती गेरू होते. हर्क्युलेनियमवर आलेल्या धगधगत्या राखेच्या लोटाने कित्येक पिवळ्या भिंती लाल केल्या. एखाद्या लाल पट्ट्याच्या कोपऱ्यात अचानक पिवळा डाग दिसला, आणि दोघांमध्ये रेघ नसून नारिंगी ढग असला, तर तो संपूर्ण पट्टा पूर्वी पिवळा होता असं समजावं. ‘पॉम्पेईचा लाल’ म्हणून जगभर विकला जाणारा रंग काही प्रमाणात असा भाजलेला पिवळा आहे.

दुसरा दिवस, शुक्रवार : ऑप्लॉन्टिस

त्याच मार्गावर तोरे अनुन्झिआता स्टेशन, तिथून पाचेक मिनिटांची चाल. आजूबाजूला साध्या इमारती, वाळत घातलेले कपडे, आणि मध्ये जमिनीखाली उतरलेला प्रचंड बंगला. रोमन सम्राट नीरोची बायको पोपिया हिचा तो असावा असं मानतात. गर्दी जवळजवळ नसते. एकच दिवस हातात असेल तर पॉम्पेई सोडून इथे यावं, असं आमचं मत आहे.

वाड्याच्या चौकासारखं वर आकाशाकडे उघडं असलेलं मुख्य दालन दुसऱ्या शैलीचं, इ.स.पू. ५०च्या सुमाराचं. खांबांमागे खांब, बंद दारं, पायऱ्या, ढाली, सगळं रंगवलेलं. इथे हळू चालावं. दालनाच्या मधल्या रेषेवरून पुढे सरकलं की खांबांच्या रांगा जुळतात, दोन पावलं बाजूला गेलं की बिघडतात. चितारणाऱ्याने बघणाऱ्याची जागा आधी ठरवली होती. मग सावल्या बघाव्यात. रंगवलेल्या खांबांवरचा उजेड खोलीत खरोखर जिकडून उजेड येतो त्याच बाजूचा आहे. म्हणून समोरासमोरच्या भिंतींवर सावल्या आरशातल्यासारख्या उलट पडतात. संग्रहालयात एकटी भिंत टांगली की हे सगळं वाया जातं.

आतल्या खोल्यांत कठड्यावर बसून शेपूट खाली सोडलेला मोर, नाटकाचे मुखवटे, पारदर्शक काचेच्या वाडग्यातली फळं आणि झिरझिरीत कापडाखाली झाकलेली फळांची टोपली. वाडग्याजवळ दुर्बीण लावावी. काच ‘रंगवलेली’ नाहीच. आधी फळं पूर्ण काढली आहेत, मग कडेला पांढऱ्याचे चार-पाच पातळ फटकारे, एक जाड ठिपका आणि तळाशी अर्धवर्तुळ. एवढ्यावर काच उभी राहते. टोपलीवरच्या कापडाचंही तसंच. घड्यांच्या जागी तेवढा रंग दाट, बाकी ठिकाणी इतका पातळ की फळाचा रंग खालून वर येतो. हात घाईचा आहे, पण चुकलेला नाही. ओल्या गिलाव्यावर खोडाखोड परवडत नाही.

बंगल्याच्या नोकरांच्या भागात भिंतींवर काळे-पांढरे तिरके पट्टे आहेत. रंग सर्वांत स्वस्त, काजळी आणि चुना. पाहुण्याला कळावं की इकडे यायचं नाही आणि नोकराला कळावं की इकडून जायचं. घर कुणाचं कुठपर्यंत, हे भिंती सांगतात. याहून सोपा पुरावा दुसरीकडे सापडत नाही.

जवळच बोस्कोरेआले. तिथल्या फानियस सिनिस्टर याच्या बंगल्यातल्या दुसऱ्या शैलीच्या भिंती १९०० साली सापडल्या, कापल्या आणि विकल्या गेल्या. झोपायची एक अख्खी खोली आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, काही भाग नेपल्सला, काही पॅरिसला. बंगल्याच्या जागी बघायला काही नाही. दुपारी उशीर झाला असेल तर तिकडचा फेरा सोडून द्यावा, उद्या पाय लागणार आहेत.

तिसरा दिवस, शनिवार : पॉम्पेई, पश्चिम बाजू

पॉम्पेई स्कावी–व्हिला देई मिस्तेरी या स्टेशनसमोरच पोर्ता मरीनाचं फाटक. २०२४च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २० हजार लोकांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून ओळखपत्र हवं. तिकीट घेताना शहराबाहेरचे बंगले धरून असलेलं घ्यावं, नाहीतर रहस्यांच्या बंगल्याच्या (व्हिला देई मिस्तेरी) दारात अडवतात. ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत जात नाही. रस्ते काळ्या लाव्हाच्या दगडांचे, घासून गुळगुळीत झालेले, पातळ तळव्याचा बूट घसरतो.

पत्ते वाचायला शिकून घ्यावेत. शहराचे नऊ विभाग, विभागात गाळे (म्हणजे रस्त्यांमधले घरांचे गट), गाळ्यात दारं. व्हेट्टींचं घर म्हणजे ६, १५, १ : सहावा विभाग, पंधरावा गाळा, पहिलं दार. घरं कधी उघडी, कधी बंद, म्हणून यादीत दोन-तीन जादा घरं ठेवावीत. एकाच घराचा ध्यास धरून आलेला माणूस हमखास चिडून परततो.

नऊला फाटक उघडताच थेट व्हेट्टींकडे. दीर्घ दुरुस्तीनंतर हे घर २०२३च्या जानेवारीत उघडलं आणि दहानंतर तिथे रांग लागते. मालक आउलुस व्हेट्टियस कोन्व्हिव्हा आणि आउलुस व्हेट्टियस रेस्टिट्यूटस, दोघंही गुलामीतून मुक्त झालेले. इ.स. ६२च्या सुमारास झालेल्या भूकंपानंतर घर नव्याने रंगवलं, त्यामुळे इथे चौथी शैली भरात आहे. बागेच्या कोपऱ्यांतल्या दोन खोल्यांत पौराणिक चित्रं आहेत, पिवळ्या खोलीत बाळ हर्क्युलिस साप आवळतोय. पण वेळ द्यावा तो मोठ्या दालनाला. लाल चौकटींच्या खाली, काळ्या जमिनीवर दीड वितीची पट्टी, आणि तिच्यात पंखवाले बाळदूत धंदा करताहेत. हार गुंफतात, अत्तर काढतात, कपडे धुतात-तुडवतात, दारू विकतात. सोनारकामाच्या तुकड्यात एक जण भट्टीपाशी वाकून फुंकणीने आग पेटवतोय, एक ऐरणीवर ठोकतोय, मध्ये तराजू. हातोडी उचललेल्या हाताचा खांदा मागे गेला आहे, वजन उजव्या पायावर आहे. ज्याने हे काढलं त्याने सोनाराच्या दुकानात बसून पाहिलेलं आहे.

इथून लुक्रेशियस फ्रोंटोचं घर, तिसरी शैली. व्हेट्टींच्या गजबजाटानंतर हे घर शांत वाटतं. बैठकीच्या खोलीत काळ्या-लाल सपाट भिंती, बोरूइतके बारीक सोनेरी खांब, आणि दोन बाजूंना घोडीवर ठेवल्यासारखी छोटी चित्रं : समुद्रकाठचे बंगले, तळहाताने झाकता येतील एवढे. व्हिट्रूव्हियसला ही शैली मुळीच आवडली नव्हती. दिव्याच्या समईवर छप्पर कसं पेलेल, देठातून अर्धं माणूस कसं उगवेल, जे नाही आणि होऊ शकत नाही ते का काढावं, असा त्याचा सवाल. तक्रार वाचून मग भिंत बघितली की ती जास्त आवडते, हा आमचा अनुभव.

दुपारी पोर्ता एर्कोलानोतून बाहेर, थडग्यांच्या रस्त्याने रहस्यांच्या बंगल्याकडे. वाटेत सावली नाही, पाणी फाटकाजवळच भरून घ्यावं. बंगल्याच्या त्या एका खोलीत जवळजवळ माणसाच्या उंचीच्या २९ आकृत्या लाल जमिनीवर चारी बाजूंनी फिरतात. ही लग्नाची तयारी की डायोनिसस या मद्याच्या ग्रीक देवाच्या पंथाची दीक्षा, यावर शंभर वर्षं वाद आहे. तो वाद बाजूला ठेवून लाल रंगाकडे बघावं. हा गेरू नाही, हिंगूळ आहे, पाऱ्याचं खनिज. रोममध्ये त्याची किंमत कायद्याने ठरवलेली होती, एका रोमन पौंडाला, म्हणजे सुमारे ३२७ ग्रॅमला, ७० सेस्टर्स (रोमन नाणी). त्या काळी सैनिकाचा पगार वर्षाला ९०० सेस्टर्स होता, म्हणजे हा जवळजवळ महिन्याचा पगार. इतका महाग म्हणून हिंगूळ मालकाने स्वतः पुरवायचा अशी पद्धत होती. आणि प्लिनी हा रोमन लेखक सांगतो की रंगारी भरलेला कुंचला सारखा पाण्यात धूत, हिंगूळ जड असल्याने तळाशी बसे आणि संध्याकाळी त्यांच्या घरी जाई.

हिंगुळाचा दुसरा दुर्गुण, तो उघड्यावर काळा पडतो. व्हिट्रूव्हियस फाबेरियस नावाच्या लेखनिकाची गोष्ट देतो. त्याने आव्हेंटाइन टेकडीवरच्या घराचा खांबांचा चौक हिंगुळाने रंगवला आणि तीस दिवसांत भिंती डागाळून कुरूप झाल्या, पुन्हा दुसऱ्या रंगात करून घ्याव्या लागल्या. उपाय असा : भिंत सुकली की विरघळलेल्या मेणात थोडं तेल घालून कुंचल्याने द्यायचं, निखाऱ्यांची शेगडी जवळ धरून मेणाला घाम फोडायचा, मग मेणबत्ती आणि स्वच्छ कापडाने घोटायचं. हिंगुळात चुना भेसळ आहे का ते बघायला लोखंडी पत्र्यावर लाल होईपर्यंत तापवायचा. काळा पडून थंड झाल्यावर पुन्हा लाल झाला तर शुद्ध, काळाच राहिला तर भेसळ.

या खोलीत पलीकडच्या भिंतीवरच्या बायकांची नजर इकडच्या भिंतीवर असते, हेही तिथेच उभं राहून कळतं. परत फिरायला शहरातून जायची गरज नाही, बंगल्याकडून स्टेशन दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

चौथा दिवस, रविवार : पॉम्पेई, पूर्व बाजू

आज कमी घरं आणि लवकर परत. रविवारी आबोंदान्त्सा रस्त्यावर गर्दीच गर्दी.

पहिलं फळबागेचं घर, १, ९, ५. एका खोलीत निळ्या जमिनीवर आणि दुसरीत काळ्या जमिनीवर झाडं : लिंबू, अंजीर, आणि अंजिराच्या बुंध्यावर चढणारा साप. हा निळा खनिज नव्हे, भट्टीत केलेला. वाळू, क्षार आणि तांब्याचा कीस एकत्र दळून, गोळे वळून भाजायचे. व्हिट्रूव्हियसच्या म्हणण्याप्रमाणे ही कला आलेक्सांड्रियाची, आणि नेपल्सच्या उपसागरावरच्या पुतेओली गावात व्हेस्टोरियस नावाच्या माणसाने तिचा कारखाना काढला. हा रंग भरड ठेवला तर गडद दिसतो, बारीक दळला की फिका होतो. भरड कण ओल्या चुन्यात नीट रुतत नाहीत, म्हणून निळ्या भिंती हात लागला की झडतात. निळ्या जमिनीवर पांढुरके चट्टे दिसतात त्याचं मोठं कारण हे.

मग कास्ती आमांती गाळ्यातलं ‘काम करणाऱ्या चितारणाऱ्यांचं घर’. २०२४पासून वरून टांगलेल्या पुलावरून ते बघता येतं. इ.स. ७९च्या त्या दिवशी इथे काम चालू होतं. रंगाची भांडी, परकार आणि चुना टाकून कारागीर पळाले. भिंतीचा वरचा पट्टा पूर्ण, मधला अर्धा रंगवलेला आणि अर्धा कोरा, खालचा नुसता खरबरीत. म्हणजे काम नेहमी वरून खाली, नाहीतर परांचीवरून गळणारा चुना तयार भिंतीवर पडेल. परांचीच्या एका उंचीइतका गिलावा एका वेळी करायचा. खालच्या पट्ट्याचा गिलावा वरच्याच्या कडेवर किंचित चढतो, तो आडवा सांधा रंगवलेल्या कंगोऱ्याच्या रेषेत लपवायचा. मधलं महत्त्वाचं चित्र शेवटी, वेगळ्या गिलाव्यावर. ते काढणारा माणूसही वेगळा. डायोक्लेशन या रोमन सम्राटाच्या इ.स. ३०१च्या दरपत्रकात साध्या भिंती रंगवणाऱ्याला दिवसाला ७५ देनारियस आणि आकृती काढणाऱ्याला १५० लिहिलेले आहेत.

एकदा हे समजलं की बाकी घरांत खुणा आपोआप दिसायला लागतात. सरळ रेषेत दाबल्या गेलेल्या बारीक खाचा म्हणजे ओल्या गिलाव्यावर ताणून सोडलेली सुतळी, गवंडी सूत मारतात तशी. वर्तुळाच्या मधोमध टोचलेलं छिद्र म्हणजे परकाराचं टोक. या खुणा समोरून दिसत नाहीत, ऊन तिरपं आलं की दिसतात. म्हणून असली घरं सकाळी पहिल्या तासात किंवा बंद व्हायच्या आधी बघावीत.

शिंपल्यातल्या व्हीनसचं घर वाटेवर आहे. व्हीनस काही ग्रेट नाही, पाय विचित्र जोडलेले आहेत. पण मागची बागेची भिंत खऱ्या बागेला कशी लागून आहे ते बघायला पाच मिनिटं द्यावीत.

पाचवा दिवस, सोमवार : स्टॅबिए सकाळी, संग्रहालय दुपारी

स्टॅबिएच्या बंगल्यांसाठी त्याच मार्गावर वीया नोचेराला उतरून वारानो टेकडी चढायची. चढ चांगलाच आहे. वर आरिआन्ना बंगला आणि खाली उपसागर. तेव्हाच्या नेपल्सच्या बूर्बों राजांच्या लोकांनी १७४९पासून इथे बोगदे खणून चित्रं कापली आणि जागा पुन्हा बुजवली. ती विस्मृतीत गेली. १९५० साली लिबेरो दोर्सी नावाच्या मुख्याध्यापकाने शाळेतला शिपाई मदतीला घेऊन पुन्हा खोदायला सुरुवात केली, म्हणून आज हे दिसतं.

जेवणाच्या खोलीत ग्रीक पुराणातली, थेसियसने सोडून दिलेली आरिआद्ने जागेवरच आहे. आतल्या छोट्या खोल्यांत पट्टे, नक्षी, कडा सगळं नीट, आणि पट्ट्याच्या मधोमध, जिथे नजर जाऊन थांबावी तिथेच, चौकोनी भोक. भोकाची उंची डोळ्यांच्या पातळीला हात धरून मोजून ठेवावी. खालचा पट्टा किती, वर किती रिकामी भिंत, दार कुठे, उजेड कुठून.

कापायची पद्धत अशी. चित्राभोवती छिन्नीने खाच पाडायची, लाकडी चौकट आवळायची, मागून करवतीने गिलावा भिंतीपासून सोडवायचा, पाठीला पाटीच्या दगडाची लादी चिकटवायची. ‘आकृती’ असेल तेवढीच घ्यायची. पट्टे, रंगीत जमीन, वेलबुट्टी यांना किंमत नव्हती.

दुपारी गाडीने नेपल्स. संग्रहालय संध्याकाळपर्यंत उघडं असतं. आरिआन्ना बंगल्यातली फ्लोरा इथे आहे : फिक्या हिरव्या जमिनीवर पाठमोरी चालणारी, एका हाताने फूल खुडणारी मुलगी. चित्राची उंची सुमारे ३८ सेंटिमीटर, रुंदी २२. सगळ्या पोस्टरांवर ती असल्यामुळे प्रत्यक्षात एवढी लहान बघून लोक चकित होतात. सकाळी भोक मोजलेलं असलं की चकित व्हायला होत नाही. लहानशा खोलीत, मोठ्या मोकळ्या भिंतीच्या मध्ये, ती दूर निघून चालल्यासारखी दिसत असणार. चौकटीत ती नुसती गोड दिसते.

हर्क्युलेनियमहून आणलेली पीच फळं आणि पाण्याची काचेची बरणी बघावी, ऑप्लॉन्टिसच्या वाडग्याची आठवण ठेवून. पॉम्पेईची, तोंडाला लेखणी लावलेली बाई, जिला उगाच सॅफो (ग्रीक कवयित्री) म्हणतात. टेरेंशियस नेओ आणि त्याची बायको, दोघं सरळ आपल्याकडे बघणारी. काही तुकड्यांवर तपकिरी झाक दिसते, ती मूळची नव्हे. १७३९पासून मोरिकोनी नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने बनवलेलं व्हर्निश या चित्रांवर चढवलं जात असे. आधी रंग उजळले, काही वर्षांत व्हर्निश पिवळं पडलं, आकसलं आणि रंगाचे पोपडे ओढून काढू लागलं. सोमवारच्या व्हर्निशची आणि गुरुवारच्या मेणाची गोष्ट एकच आहे.

जाता जाता ‘गुप्त दालना’त एक मराठी थांबा. पॉम्पेईत १९३८ साली सापडलेली, जेमतेम वीतभर उंचीची भारतीय हस्तिदंती बाई तिथे आहे, दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दोन दासी. अशाच घडणीच्या मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिवजवळच्या तेरला सापडल्या आहेत, त्यामुळे ती सातवाहनांच्या मुलखातून गेली असावी असं अनेक अभ्यासक मानतात. भारतातून रोमला नीळही जात होती. प्लिनी तिला ‘इंडिकम’ म्हणतो आणि हिंगुळासारखीच मालकाने पुरवायच्या महाग रंगांत धरतो. कबुतराच्या विष्ठेला नीळ लावून खपवणारे भामटे होते, म्हणून तो परीक्षाही देतो : निखाऱ्यावर टाकावी, ज्वाला जांभळी आली आणि धुराला समुद्राचा वास आला तर खरी.

सहावा दिवस, मंगळवार : रोम

नेपल्सहून वेगवान गाडीने सव्वा तासात तेर्मिनी स्टेशन, तिथून पालात्सो मास्सिमो रस्ता ओलांडून. वरच्या मजल्यावर सरळ जावं, खाली पुतळ्यांत अडकू नये. इथल्या भिंतीही कापूनच आणल्या आहेत, पण अख्ख्या, आणि मूळ खोलीच्या मापाने पुन्हा उभ्या केल्या आहेत. कालच्या तुकड्यांनंतर हा फरक लगेच जाणवतो.

फार्नेसिनाच्या बंगल्याच्या खोल्या आधी. तायबरचा बांध घालताना १८७९ साली त्या सापडल्या. झोपायच्या खोल्या हिंगुळी लाल, जेवणाची काळी, तीत पिवळसर रेषांनी काढलेली पुसट निसर्गदृश्यं. एका खोलीतल्या रंगवलेल्या खांबावर ग्रीक अक्षरांत बारीक खरवडलेलं ‘सेल्यूकोस’ हे नाव आहे. रोमन घरातल्या चित्रावर कारागिराचं नाव मिळणं फार विरळ. दुर्बिणीनेही ते चटकन सापडत नाही.

शेवटी लिव्हियाची, म्हणजे सम्राट ऑगस्टसच्या बायकोची, बाग. प्रिमा पोर्ताच्या बंगल्यातली, १८६३ साली सापडलेली, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला काढून आणलेली. खोली ११.७० मीटर लांब, ५.९० रुंद, मुळात अर्धी जमिनीखाली, उन्हाळ्यातल्या गारव्यासाठी. चारही भिंतींवर अखंड बाग. कोपऱ्यातही खांब नाही, म्हणजे दुसऱ्या शैलीने छप्पर धरायलासुद्धा काही ठेवलेलं नाही. पुढे वेताचं बुटकं कुंपण, मग गवताचा पट्टा, मग दगडी कठडा, त्यामागे झाडी. जवळच्या पानांना कडा आहेत, मागच्यांना नाहीत. ती निळसर हिरव्या धुक्यात मिसळत जातात. डाळिंबं आणि क्विन्सची फळं पिकलेली, त्याच वेळी वसंतातली फुलंही उमललेली, कोणत्याही एका महिन्यात अशी बाग नसते. वारा आहे, फांद्या एका बाजूला झुकल्यात. पक्षी मोजायला बसलं तर अर्धा तास जातो. ते फळांवर आहेत, कठड्यावर आहेत, उडताहेत. एक मात्र कठड्यावर ठेवलेल्या पिंजऱ्यात आहे.

खोलीत मधोमध उभं राहावं, भिंतीला लागून नाही. कुंपण गुडघ्याच्या आसपास येतं, फळं डोळ्यांसमोर. एक लांब भिंत दहा मिनिटं, मग वळून दुसरी. साडेचारनंतर शाळांचे गट गेलेले असतात.